सावळ्या रंगाला नेमकं काय खुलतं? संभाजीनगरला कलर अ‍ॅनालिसिस करून आले, त्याचा अनुभव

गेल्या महिन्यात संभाजीनगरला सिडकोत एका मॅडमकडे कलर अ‍ॅनालिसिस करून घेतलं. म्हणजे आपल्या चेहऱ्याजवळ वेगवेगळ्या रंगाची कापडं धरून धरून बघतात की कुठला रंग शोभतो आणि कुठला नाही. फी १८०० रुपये, दोन तास सांगितले होते पण अडीच झाले. त्या घरातल्याच एका खोलीत करतात, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, नाव कुठं टाकू नका म्हणाल्या म्हणून टाकत नाही. परभणीत माझ्या ओळखीच्या सात-आठ जणींनी तरी विचारलं की एवढे पैसे घालून काय मिळालं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते.

आधी माझं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सावळी आहे. गव्हाळ नाही, निमगोरी नाही, सावळी. लग्नाच्या वेळी बायोडाटात मात्र गव्हाळ लिहिलं होतं, आपल्याकडे तसंच लिहितात. लहानपणापासून घरात एकच ऐकलं, "तिचा रंग दबलेला हाय, तिला फिक्कंच काहीतरी घ्या, गडद घेतलं की अजून काळी दिसंल." आत्या, काकू, दुकानातले दादा, सगळ्यांचं हेच, आणि कोणी वाईट मनानं बोलत नव्हतं, मायेनंच बोलायचे. पण त्यामुळे ३६ वर्षं माझ्या अंगावर बदामी, लेमन, बेबी पिंक, फिक्का पिस्ता याशिवाय काही आलंच नाही. दिराच्या साखरपुड्यात मी पावडर निळी ऑर्गेंझा नेसले होते, ४२०० ची, साडी खरंच सुंदर आहे. फोटो आले तेव्हा बघितलं तर चेहरा राखेसारखा, डोळ्याखाली काळं, ओठाच्या दोन्ही बाजूंना काळं. सासूबाईंनी फोटो बघून विचारलं, "त्या दिवशी तुला बरं नव्हतं का गं?" मला तर ठणठणीत बरं होतं. ते वाक्य डोक्यात राहिलं आणि दिराच्या लग्नासाठी साडी घ्यायच्या आधी हे एकदा नीट समजून घ्यायचंच असं ठरवलं.

पहिल्यांदा ऑनलाइन करून बघितलं होतं, ४९९ भरून दोन फोटो पाठवायचे आणि चार दिवसांनी रिपोर्ट येतो तसलं. रिपोर्ट आला, त्यात सगळे फिक्के राखाडी-गुलाबी रंग, आणि खाली लिहिलेलं की या रंगात तुम्ही उजळ आणि गोऱ्या दिसाल. मला शंका आली म्हणून बहिणीच्या नावानं परत पैसे भरून माझेच दुसरे फोटो पाठवले, ते दुपारी अंगणात काढलेले होते, तर रिपोर्ट एकदम उलटा आला, सगळे पिवळे-केशरी-तपकिरी. माणूस तोच, उत्तरं दोन. कारण नंतर मॅडमनी सांगितलं. फोनचा कॅमेरा उजेड बघून रंग आपोआप बदलतो, ट्यूबखाली वेगळा, बल्बखाली वेगळा, वरून बऱ्याच फोनमध्ये ब्युटी मोड आधीच चालू असतो आणि तो कातडी गुळगुळीत आणि उजळ करून टाकतो. म्हणजे ज्या डागांवरून आणि सावल्यांवरून रंग ओळखायचा तेच पुसलेले. फोटोवरून करणाऱ्यांना माझं तरी ठाम नाही आहे, ९९८ रुपये वाया घालवून सांगतेय.

आता सिडकोतल्या सेशनबद्दल. सकाळची मराठवाडा एक्सप्रेस पकडली, जालन्याला आई चढली, तिला म्हटलं होतं की माझ्यासोबत चल, दोन डोळे जास्त असलेले बरे. मॅडमनी फोनवरच बजावलं होतं की पावडर नाही, काजळ नाही, लिपस्टिक नाही, आदल्या आठवड्यात केसाला मेंदी नाही आणि ११ च्या आत या म्हणजे उजेड चांगला मिळेल. खोलीत एकच मोठी खिडकी, उत्तरेकडची, तिथून ऊन थेट येत नाही पण उजेड भरपूर असतो. भिंतीवर राखाडी पडदा. मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, ड्रेसवर पांढरं कापड गुंडाळलं, केस पांढऱ्या फडक्यात बांधले, कानातलं आणि टिकलीसुद्धा काढायला लावली. आई हळूच म्हणाली, "टिकली कशाला काढायलात?" तर मॅडम म्हणाल्या, "काकू, लाल टिकली असली की नजर तिकडंच जाते, चेहरा बघायचाय आपल्याला."

मग त्यांनी कापडं काढली आणि मला लई बरं वाटलं, कारण ती बाहेरची तयार आणलेली कापडं नव्हती, सगळे आपले ब्लाउजपीस होते. गुलमंडीतून, शहागंजातून वर्षभर जमवलेले, साठ-सत्तर तरी असतील, आणि मुद्दाम बिनचमकीचे, कारण सॅटिनसारखं चमकणारं कापड स्वतःच उजेड फेकतं आणि अंदाज चुकतो. दोन-दोन कापडं जोडीनं लावायच्या. आधी शुभ्र पांढरं, लगेच मोतिया. मग राणी, लगेच विटकरी. मग निळा, लगेच मोरपंखी. प्रत्येक वेळेला एकच सांगायच्या, "ताई, कापडाकडं बघू नका, डोळ्याखाली बघा, ओठाच्या कडंला बघा, हनुवटीखाली बघा." पहिली दहा मिनिटं मला काहीच कळायलं नव्हतं, सगळं सारखंच दिसायलं होतं. मग बेबी पिंक लावला आणि लगेच डाळिंबी लावला, आणि आईच्या तोंडून निघालं, "अगं बाई, हे तर पुसल्यावानी झालं." खरंच, डोळ्याखालचं काळं अर्धं झालं होतं. कातडीचा रंग जराही उजळ झाला नव्हता, मी तेवढीच सावळी होते, पण चेहरा सगळीकडे एकसारखा आणि ताजा दिसत होता.

मला या सगळ्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. गोरं दिसणं वेगळं आणि तजेलदार दिसणं वेगळं, आणि आपल्याकडं दुकानात, घरात, सगळीकडं हे दोन एकच समजतात. फिक्क्या कापडाशेजारी सावळा चेहरा उलट जास्त गडद दिसतो, कारण डोळा शेजारच्या दोन रंगांची तुलना करत असतो. मॅडमनी त्यावर एक गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये गोबेलिन्स म्हणून भिंतीवर लावायच्या विणकामाचा मोठा कारखाना होता, तिथल्या रंगखात्यावर शेव्हरूल नावाचे केमिस्ट होते. तक्रार यायची की काळा रंग नीट काळा दिसत नाही, निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की फिक्का पडतो. त्यांनी तपासलं तर रंगात काही खोट नव्हती, शेजारच्या धाग्यामुळं डोळ्याला तसं दिसत होतं. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. पैठणी विणणाऱ्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे पटकन कळायला पाहिजे, धाग्याशेजारी धागा आला की रंग बदलतो, तसंच कापडाशेजारी चेहरा आला की चेहरा बदलतो. दुसरं कारण अजून साधं आहे, कापडावर पडलेला उजेड त्या कापडाचा रंग घेऊन हनुवटीखाली आणि गालावर परत येतो. पोपटी कापड धरलं तेव्हा माझ्या हनुवटीखाली हिरवट झाक आईला लांबूनही दिसली.

इंटरनेटवर सगळीकडे सांगतात ते मनगटाच्या शिरांचं, शिरा निळ्या तर कूल (निळसर-गुलाबी झाक) आणि हिरव्या तर वॉर्म (पिवळसर झाक), ते मॅडमनी करूच दिलं नाही. सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला गडद करणारं रंगद्रव्य, जास्त असतं, शीर एकतर नीट दिसत नाही किंवा दिसली तर बहुतेक वेळा हिरवटच दिसते, मग सगळ्याच सावळ्या बायका वॉर्म निघतात, जे खरं नाही. सावळ्या रंगातही फरक असतो, कुणाचा तांबूसकडे झुकतो, कुणाचा पिवळसर, कुणाचा निळसर, कुणाचा हिरवट. विठोबालाही आपण सावळाच म्हणतो आणि चुलतभावालाही सावळाच म्हणतो, एका शब्दात किती छटा घालतो आपण. आणि चेहऱ्यावर उन्हाचा थर असतो तो वेगळा, मे महिन्यात स्कूटीवर फिरणाऱ्या कुणाचाही चेहरा आणि गळ्याखालचा भाग दोन रंगाचे असतात. म्हणून त्यांनी फक्त चेहरा न बघता कानामागं आणि गळ्याखाली पण कापड लावून बघितलं. ऊन लागून गडदपणा वाढतो, पण आतली झाक सहसा तीच राहते म्हणाल्या.

माझं निघालं ते असं. झाक पिवळसर पण थोडीशीच, गडदपणा बऱ्यापैकी, केस आणि डोळे एकदम काळे. म्हणून रंग भरलेला पाहिजे, धुतल्यासारखा नको. डाळिंबी, मोरपंखी, बाटली हिरवा, आमसुली, कोनफळी, हळदीचा गडद पिवळा, विटकरी, हे सगळे खुलले. चिंतामणी रंग तर असा बसला की मॅडमनी स्वतःहून फोटो काढला. शुभ्र पांढऱ्यापेक्षा मोतिया बरा. पडेल रंग कोणते तर बेबी पिंक, पावडर निळा, लेमन, राखाडी आणि बदामी, म्हणजे माझं अख्खं कपाट. हे ऐकून मला रडू आलं हे खरं सांगते, मॅडमनी पाणी दिलं आणि पाच मिनिटं थांबल्या, घाई केली नाही. १८०० मधले निम्मे पैसे मी त्या पाच मिनिटांचे समजते.

आता जे आवडलं नाही ते. शेवटी त्यांनी एक छापील कार्ड दिलं, त्यावर लिहिलेलं डीप ऑटम. माणसांच्या रंगांचे गट करून त्यांना ऋतूंची नावं देतात, त्यातला हा एक गट. ही ऋतूंची पद्धत कुठून आली ते मी नंतर वाचलं. जर्मनीत १९१९ ला बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली, तिथं शिकवलेले इटेन नावाचे स्विस चित्रकार होते, त्यांचे विद्यार्थी जे रंग आपणहून निवडतात त्याचा त्यांच्या केसाशी आणि कातडीशी मेळ असतो असं त्यांना दिसलं. पुढं अमेरिकेत १९८० मध्ये कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकानं स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर असे चार गट घरोघरी नेले, आणि मग त्याचे बारा झाले. चार गटांच्या काळात काळे केस, काळे डोळे दिसले की सरसकट विंटर म्हणून टाकायचे. म्हणजे अख्खी परभणी एका खान्यात. बारा केल्यावर जरा सुधारलं असेल, पण त्या कार्डावरचे नमुने सगळे कोट, स्कार्फ आणि ब्लेझरचे आहेत. जरीचं काय करायचं, काठ वेगळ्या रंगाचा असेल तर काय, ड्रेसची ओढणी कुठली, हे त्यावर काहीच नाही. ब्लाउजपीस घेऊन एवढं आपल्या पद्धतीनं शिकवणाऱ्या बाईंनी हातात मात्र बाहेरचं कार्ड द्यावं याचं वाईट वाटलं, त्यांना तसं बोलले पण. त्यापेक्षा ब्लाउजपीसचे बोटभर तुकडे कापून एका दोऱ्यात ओवून दिले असते तर पर्समध्ये ठेवून दुकानात नेता आले असते. अजून एक, शेवटची वीस मिनिटं लिपस्टिकमध्ये गेली आणि तीन घ्या असा आग्रह झाला. मी एक घेतली, विटकरी, चांगली आहे, पण फीमध्ये ही विक्री नको होती.

साडीचं जे कार्डावर नव्हतं ते मी विचारून विचारून काढलं आणि ते सगळ्यांच्या कामाचं आहे. साडीत चेहऱ्याच्या सगळ्यात जवळ काय असतं, तर ब्लाउजचा गळा आणि खांद्यावरचा पदर. निऱ्या आणि खालचा काठ कुठल्याही रंगाचे असले तरी चेहऱ्याला काही फरक पडत नाही. म्हणून न शोभणारी साडी टाकून द्यायची गरज नाही. माझी ती पावडर निळी ऑर्गेंझा मी सोबत नेली होती. तिच्यावर बाटली हिरवा ब्लाउजपीस गळ्यापर्यंत धरला, मोठे झुमके लावले आणि पदर पिनअप करून खांद्याच्या टोकाला सरकवला, तर पन्नास-साठ टक्के तरी सुधारलं. आता तसाच ब्लाउज शिवायला टाकलाय, कॉलरचा.

आईचं सेशन नव्हतं, पण मॅडमनी शेवटी तिला पण बसवलं, पैसे घेतले नाहीत. आई ६२ ची आहे, माझ्यापेक्षा उजळ आहे, केस आता बरेच पांढरे झालेत. ती दर संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसते आणि तरुणपणी ती त्यात किती सुंदर दिसायची हे फोटोत आहे. गेली दोन वर्षं तीच साडी तिला जड दिसायली होती, वय झालं म्हणून तिनं ती मला देऊन टाकायचं ठरवलं होतं. मॅडमनी समजावलं की केस काळे होते तेव्हा चेहऱ्याभोवती आधीच काळी चौकट होती, साडी तिच्याशी जुळायची, आता केसांचा रंग हलका झाला म्हणून काळं एकटं पडतं. मग ब्लाउज काळ्याच्या जागी मोतिया धरून दाखवला आणि चांदीचे कानातले लावले. आई आरशात बरंच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे नेसता येईल की." मला मिळणारी चंद्रकळा हुकली पण त्याचा मला आनंदच आहे.

दुसऱ्या दिवशी पैठणला गेलो, बसनं, ५० किलोमीटरच्या आसपास आहे. नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि मग पैठणी बघायला. इथं सगळं शिकलेलं उलटंपालटं होतं की काय असं वाटलं, कारण खऱ्या पैठणीत धूपछाव असते, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. हातात धरली की मोरपंखी, खांद्यावर टाकली की निळी. घडीवर रंग ठरवून पैठणी घेऊच नका, खांद्यावर टाका आणि उजेडाकडं तोंड करून हळूहळू वळा, दोन्ही रंग चेहऱ्याशी येऊन जातात, दोन्ही चालले पाहिजेत. एक पोफळी, म्हणजे पिवळ्या रंगाची, फार मनात भरली होती, पण वळलं की तिच्यातला लेमन वर यायचा आणि चेहरा लगेच थकायचा. आधीची मी असते तर घेऊन मोकळी झाले असते.

दुकानातल्या दिव्यांचं तर विचारूच नका. पिवळसर एलईडी असला, २७०० ते ३००० केल्विनवाला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), की सगळं सोन्यासारखं दिसतं, जरीचं काम तर खासच. पांढरा ६५०० वाला दिवसाच्या उजेडाच्या जवळ जातो, पण तोही हलक्या प्रतीचा असला तर लाल रंग मेल्यासारखा दिसतो. दुकानातल्या दादांना म्हटलं दारात नेऊन बघते, ते हो म्हणाले, आईनं दुसरं टोक धरलं, आणि दारातल्या उजेडात तीन साड्या बाद झाल्या. शेवटी डाळिंबी अंगाची, मोरपंखी काठाची, सिंगल मुनियाची (मुनिया म्हणजे काठावरची छोट्या पोपटांची नक्षी) घेतली, १४,५०० ला. जरीचा रंग पण बघितला, एकदम पिवळी धमक नाही, जरा जुन्या सोन्यासारखी. परत येताना आत्याला व्हिडिओ कॉल केला, त्यांनी आधी "गडद झालं की गं" असं म्हटलं, मग मी खिडकीकडं तोंड केलं तर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "कुठून घेतली?"

ज्यांना संभाजीनगरला जायला जमत नाही त्यांनी घरी करून बघा, काहीच अवघड नाही. सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान ऊन थेट येत नाही अशा खिडकीत किंवा गॅलरीत बसा, भिंत रंगीत असेल तर मागं पांढरी चादर टांगा, तोंड धुऊन अर्धा तास थांबा म्हणजे चोळून आलेली लाली जाते, केस बांधा. घरातले ब्लाउजपीस, ओढण्या, टॉवेल काहीही चालेल, पण दोन-दोन लावा, एकटं कापड लावलं की काहीच कळत नाही. आणि शेजारी अशी व्यक्ती बसवा जिला तुम्हाला गोरं करायची घाई नाही. तिला फक्त एवढंच विचारा की डोळ्याखालचं काळं कुठल्या कापडाला कमी झालं. तरीपण पहिल्यांदा शिकलेल्या माणसाकडून करून घेतलं तर नजर तयार होते, मला घरी एकटीला ते डाळिंबीचं दिसलंच नसतं. आणि आवडता रंग यादीत नसेल तर सोडू नका, मॅडमनीच सांगितलं की तो कमरेखाली घाला, पर्समध्ये घ्या, चप्पल घ्या. माझ्या लेमन लेगिंग तशाच चालू आहेत.

लग्नात डाळिंबी नेसले. फोटोत मी सावळी आहे आणि चांगली दिसायलेय, सासूबाईंनी तब्येतीचं विचारलं नाही, फोटो स्वतःच्या फोनला लावलाय.

माझी पुतणी आता १३ ची आहे, माझ्याच रंगाची. गेल्या दिवाळीत तिनं मोरपंखी ड्रेस धरला होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला बेबी पिंक घ्यायला लावला, त्यात मी पण होते. तो तिनं दोनदाच घातला. या दिवाळीच्या आधी तिला घेऊन जाणार आहे, मॅडमना फोन झालाय, शाळकरी मुलींचे ९०० घेतात म्हणाल्या आणि लिपस्टिकचं काही काढणार नाही असं कबूल केलंय.